बिनक्लचची गाडी

बिनक्लचच्या गाडीचं काम मला येतं, असं मी चादरीच्या व्यापाऱ्याला छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा तसली गाडी मी जन्मात पाहिली नव्हती. सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात उस्तादांच्या गॅरेजात मला अकरा वर्षं झाली होती. डोक्यावर तापलेला पत्रा, ट्रकच्या पोटाखाली उताणा मी आणि तोंडावर ठिबकणारं काळं तेल. जीव नुसता कोंडला होता. त्या व्यापाऱ्याला सगळे मालक म्हणायचे. त्यांचा मेहुणा कुवेतला गॅरेज चालवायचा आणि तिथं म्हणे सगळ्या गाड्या बिनक्लचच्या. "ही दुरुस्त करून दाखव, मेहुण्याला तुझ्यासाठी पत्र लिहितो," मालक म्हणाले. मग मी काय म्हणणार? म्हणालो, "येतं की."

गाडी म्हणजे कुणा परदेशी इंजिनियरानं जाताना विकून टाकलेला जुना पिकअप. गिअर आपले आपण पडायचे. तक्रार एवढीच, की सकाळी दांडी पुढं जायच्या खुणेवर ओढली तरी गाडी घटकाभर विचार करायची आणि मग धक्का देऊन निघायची. उस्ताद म्हणाले, "आपल्याला ठावं न्हाय त्यातलं. हात लावू नगंस." मी कसला ऐकतोय. ते जेवायला गेल्यावर मी गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी उपसून बघितली. तेल खुणेच्या बोटभर वर. म्हटलं, सापडलं दुखणं, तेल जास्त झालंय. दोन लिटर लाल तेल डब्यात काढलं आणि गाडी मालकांच्या दारात नेऊन लावली.

दुसऱ्या दिवशी मालक आईला घेऊन तुळजापूरला निघाले. घाटात इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागची हलत नाही. त्यांच्या म्हाताऱ्या आईला भर उन्हात एसटीत चढवावं लागलं. गाडी ओढत गॅरेजात आली, आणि मागोमाग मालकांचा निरोप: उद्या येतो, कुणी काय केलं ते कळलं पाहिजे.

उस्तादांनी मला इंजिन चालू करायला लावलं आणि गिअरबॉक्सला कान लावला. "चिरकतोय. उपाशी हाय ह्यो. तेल बघितलंस?"

"बघितलं."

"इंजिन बंद करून?"

"मग काय चालू ठेवून?"

ट्रकच्या इंजिनाचं तेल बघायचा आमच्याकडं तो कायदाच होता. इंजिन बंद करायचं, पाच मिनिटं थांबायचं, मगच पट्टी काढायची. चालू इंजिनात पट्टी काढली म्हणून उस्तादांनीच एकदा माझ्या पाठीत पाना घातला होता. आता ते म्हणाले, "चालू असतानाच काढ." काढली. टोक कोरडं. पुसून परत घातली, तरी कोरडंच. ह्या गिअरबॉक्सचं तेल इंजिन चालू झालं की वर खेचलं जायचं आणि बंद झालं की खाली उतरायचं. म्हणजे मला जास्त वाटलेलं तेल मुळात कमीच होतं, आणि त्यातलंही मी दोन लिटर काढलं होतं. उस्तादांना सगळं सांगितलं. डब्यातलं परत ओतलं, वर थोडं नवं घातलं, तशी गाडी हलली. पण तेलाला जळका वास होता. आतल्या प्लेटा घाटात भाजल्या होत्या. चढाला ती गाडी आता कायमची दमणार होती.

इकडं आड, तिकडं विहीर. खरं सांगितलं तर कुवेत गेलं, नाही सांगितलं तर नाव उस्तादांचं खराब.

सकाळी मालक आले. मी तोंड उघडायच्या आत उस्ताद म्हणाले, "तेल मी काढलं, मालक. ह्यो नगं म्हणत हुता. दोष बी ह्यानंच शोधला."

"म्हातारपणी डोकं चालत नसेल तर गॅरेज बंद करा," मालक चारचौघांत बोलले. उस्ताद खाली मान घालून उभे. मी हातातली चिंधी पिळत बसलो. 'मी काढलं' एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं. लाज वाटली, आणि खरं सांगतो, त्या लाजेच्या तळाशी मला आनंद झाला होता.

मालकांनी आपले सगळे ट्रक दुसऱ्या गॅरेजात नेले. दोन महिन्यांनी कुवेतचं बोलावणं आलं, तेव्हा गॅरेजात आम्ही दोघं एका स्कूटरपाशी बसलो होतो. माझ्यानं राहवेना. म्हणालो, "उस्ताद, मी जात नाही. हितंच ऱ्हातो."

त्यांनी नट आवळून पुरा केला.

"जा तू," ते म्हणाले. "ऱ्हायलास तर रोज तुझं तोंड बघावं लागंल मला."