झोपवून नाही, बसवून

शालिनी गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर पेशंट होता. त्याच्या कानात अर्धवट औषध घालून मी तसाच उठलो... आता पाच आठवडे झाले. पण तिच्याबद्दल रडक्या सुरात लिहिलं तर ती वरून भांडायला येईल. वणीत मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आणि माझ्या वरच्या मजल्यावर तिचं सोनोग्राफी सेंटर. कॉलेजात एकाच वर्गातले आम्ही, त्यामुळे एकमेकांचा मान राखायचा प्रश्नच नव्हता.

एकदा ती धापा टाकत खाली आली. सायनसमधला पू सोनोग्राफीत दिसतो, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. एक्स-रे नको, किरणं नकोत, नुसती गालावर जेली लावायची! मी म्हणालो, उद्या टकलाचीही सोनोग्राफी करशील. ती हसली नाही. तिला करून बघायची घाई झाली होती.

त्याच आठवड्यात झरीकडून सुनीता आली, नवऱ्यासोबत. सातवा महिना, अंगात ताप, उजवा गाल ठणकत होता. नाकात दुर्बीण घातली, पण सूज एवढी की काही दिसेना. पू असेल तर औषध लगेच सुरू करायला हवं, नसेल तर पोटुशीला ते उगाच कशाला द्यायचं? मी एक्स-रे लिहून दिला. पोटावर शिशाचं जाड कापड टाकतात, काही होत नाही, हेही समजावलं, जरा रागानंच. ती उठून उभी राहिली.

"फोटो नाई काढत मी. पयलं लेकरू गेलं माह्यं. याले काही झालं तं?"

शेवटी मी तिला वर नेलं. शालिनीनं तिला टेबलावर झोपवलं, गालावर जेली लावली, मशीन फिरवलं... पडद्यावर नुसतं धुरकट. सायनसमध्ये हवा असली की असंच दिसतं, म्हणजे पू नाही. शालिनीच्या नव्या खुळातून काहीच निघालं नाही म्हणून मला जिंकल्यासारखं वाटलं, हे लिहिताना आज लाज वाटते. तापाच्या गोळ्या देऊन मी त्या दोघांना बसस्टँडवर पाठवलं.

थोड्या वेळानं जिन्यात धाडधाड पावलं वाजली. "अरे गाढवा, आपण तिला झोपवलं!" शालिनी दारातूनच ओरडली. जन्मभर पोटं तपासणाऱ्या बाईनं सवयीनं पेशंटला आडवं केलं होतं. झोपलं की पू मागं सरकतो आणि पुढं हवा राहते. त्या हवेपलीकडचं मशीनला काहीच दिसत नाही. एवढं सांगून ती, गुडघेदुखीची बाई, ॲप्रन घालूनच स्टँडकडे पळाली. झरीची बस लागली होती, सुनीता खिडकीत बसली होती. तिला उतरवून ऑटोत घालून आणलं.

या वेळी स्टुलावर बसवलं, मान किंचित पुढं वाकवून. मशीन गालाला टेकलं आणि खोल आत सायनसची मागची भिंत पांढरीशुभ्र उजळली. मध्ये हवा नसून पू असला तरच ती भिंत दिसते, म्हणजे पूच होता. मी तर टाळीच वाजवली. शालिनी मात्र सुनीताचा गाल पुसत म्हणाली, "चूक माह्यी होती, बाई. मी तुले झोपवलं."

तेव्हा सुनीतानं पदराची गाठ सोडून एक पाकीट टेबलावर ठेवलं. गावातल्या दुकानातून आणलेल्या दुखण्यावरच्या गोळ्या, रोज तीन. या महिन्यात पोटातल्या बाळाला त्या घातक. मी खाली दोनदा विचारलं होतं, दुसरं काही घेते का म्हणून. दोन्ही वेळा तिनं मान हलवून नाही सांगितलं होतं. गोळ्या तिथंच बंद झाल्या, चालणारं औषध सुरू झालं, आणि दोन महिन्यांनी धडधाकट मुलगी झाली.

मी मात्र उजळलेल्या भिंतीचंच कौतुक सांगत फिरलो.

गेल्या आठवड्यात घाटंजीचा एक माणूस तिसऱ्यांदा आला. मी त्याची सर्दी ॲलर्जीची समजत होतो, ती तशी नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी पेशंटला म्हणालो, चूक माझी होती. मग उठून त्यानं दार लावलं, खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मले अजून एक सांगायचं होतं..."