सौंदडच्या सेवंताबाई आणि हरवलेली चित्रं

गोंदिया स्टेशनवर उतरलं की आपण नकळत महाराष्ट्राची हद्द ओलांडली की काय, असं पुण्याच्या माणसाला वाटतं. फलाटावर हिंदी, रिक्षावाल्यांची हिंदी, चहावाल्याचीही हिंदी. मी मराठीत चहा मागितला तर त्याने "शक्कर कम?" असं विचारलं आणि मीही "हाँ, कम" म्हणून मोकळा झालो. मोबाइलला अजून बटणं होती, त्या काळातली ही गोष्ट. महिना धानकापणीचा होता.

माझ्यासोबत मंजिरी होती. ती मानसशास्त्राची, स्मरणशक्ती आणि बोलणं तपासणारी. मी संगणकाचा माणूस. आम्ही मिळून मेंदूच्या आजारांची एक ऑन्टॉलॉजी (ज्ञानरचना) बांधत होतो. सोप्या भाषेत सांगायचं तर संगणकाला आजारांची नुसती नावं न देता नातीगोती शिकवायची: हा आजार, हे त्याचं लक्षण, ही मेंदूची क्षमता, आणि ही चाचणी त्या क्षमतेचं मोजमाप करते. नाती नीट सांगितली की न जुळणारी नोंद संगणक स्वतःच बाजूला काढतो.

तशीच एक नोंद त्याने काढली होती. सौंदडजवळच्या सेवंताबाई नावाच्या एका बाईंना गोंदियाच्या एका शिबिरात चित्रं दाखवून नावं विचारली होती. त्यांना जवळजवळ एकही सांगता आलं नाही, म्हणून कागदावर 'स्मृतिभ्रंश' लिहिलं गेलं. पण त्याच कागदावर 'त्रास एका सकाळी अचानक सुरू, उजवा हात लुळा' असंही होतं. स्मृतिभ्रंश सहसा एका सकाळी येत नाही. संगणक अडून बसला, मंजिरीही. म्हणून हा प्रवास.

बल्लारशाची पॅसेंजर धरली. दोन्ही बाजूंना कापलेल्या बांध्या (भातखाचरं) आणि त्यांत उभी पुंजणी (धानाच्या पेंढ्यांच्या गंज्या). समोरच्या बाकावरचे आजोबा इकडच्याच, गोंदियातल्या प्रतापगडला दर्ग्यावर निघाले होते. त्यांनी आम्हाला भाजलेले शेंगदाणे दिले आणि आमचं काम काय ते विचारलं. मी ऑन्टॉलॉजी समजावायला लागलो. ते शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, "मंग ते मशीन बिमारीची सोयरीक जुळवते म्हना ना." इतकं नेमकं मला पुण्यातल्या बैठकीत कधी सांगता आलं नव्हतं.

गप्पांच्या नादात सौंदड आलं. घाईघाईत उतरलो, गाडी हलली आणि मंजिरी म्हणाली, "चित्रांची पिशवी?"

पिशवी वर फळीवर राहिली होती. चाचणीची सगळी चित्रं तिच्यात.

स्टेशनवरचे बाबू निवांत होते. "आता ते थैली फिरून येईन. पुढच्या वडश्याच्या टेसनले फोन करतो, उतरवून ठेवतील. तवरिक तुमी काऊन उभे? बसा, चाय घ्या."

चहा घेऊन आम्ही चित्रांशिवायच निघालो.

सेवंताबाईंचे यजमान दयारामजी, त्यांचं घर गावाच्या कडेला. अंगण सारवलेलं, एका बाजूला धान वाळत घातलेलं. खाटेवर सेवंताबाई बसल्या होत्या, साठीच्या, उजवा हात मांडीवर ठेवलेला. आम्हाला पाहून हसल्या. दयारामजींनी त्यांच्यासमोरच सुरुवात केली.

"हिचं डोकं गेलं जी. मिठाले गाय म्हनते, मले बैल म्हनते. काही समजून नाही राहिलं तिले. सयपाकघराले कुलूप लावतो, चुलीपाशी का करून बसंन, का भरोसा. परवा पोरगी येऊन राहिली बालाघाटून, घेऊन जाते तिले."

सेवंताबाईंचं हसू ओसरलं. त्यांनी तोंड उघडलं, "गाय... ना... गाय..." आणि चिडून थांबल्या.

मंजिरी त्यांच्याजवळ खाटेवर बसली. "मावशी, आज नावं नाही विचारणार." मग तिने घरातून कंगवा, अडकित्ता, चमचा, बांगडी आणि रुमाल मागून घेतले. सेवंताबाईंच्या डोळ्यांदेखत एकेक वस्तू अंगणात लपवली: धानाच्या ढिगात, तुळशीमागे, खाटेच्या दोरीत. मग म्हणाली, "काका, आता जेवू या का?"

जेवण शेजारच्या पुतणसुनेने आणलं. चिन्नोर तांदळाचा वाफाळता भात, अंबाडीची आंबट भाजी आणि इतका तिखट ठेचा की माझ्या डोळ्यांतून पाणी वाहिलं. सेवंताबाईंनी डाव्या हाताने ताकाचा पेला माझ्याकडे सरकवला. नंतर आम्ही मुद्दाम धानाच्या, पावसाच्या गप्पा मारल्या.

हात धुऊन झाल्यावर मंजिरीने रिकामा तळवा पुढे केला. "मावशी, माझ्या वस्तू?"

सेवंताबाई उठल्या. पाय ओढत धानाच्या ढिगाशी गेल्या, कंगवा काढला. तुळशीमागून अडकित्ता. खाटेच्या दोरीतून चमचा. पाचही वस्तू तिच्या हातावर आल्या. आम्हाला वाटलं झालं, पण त्या थांबल्या नाहीत. थेट दयारामजींपुढे गेल्या, त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात हात घातला आणि सयपाकघराची चाबी बाहेर काढली.

"अरे!" दयारामजी खाली पाहू लागले. "सकारी खुटीवरून काढून इथं ठेवली होती. ते तं झोपली होती."

"झोपल्या नव्हत्या," मंजिरी म्हणाली. "काका, यांची आठवण शाबूत आहे. त्या सकाळी झटका आला तेव्हा मेंदूतली बोलण्याची जागा दुखावली. याला वाचाघात म्हणतात. वस्तू ओळखतात, फक्त शब्द चुकीचा निघतो. शिकवलं तर बोलणं हळूहळू बरंच सुधारतं."

दयारामजी खाटेच्या कडेवर टेकले. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे इतके दिवस मी तिच्यासमोर पोरीले फोन करून राहिलो, तुझी माय येडी झाली म्हनून... ते सारं तिले समजत होतं?"

"सगळं."

त्यांनी टोपी काढून हातात धरली. सेवंताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग रस्त्याकडे दाखवलं. "गाडी... गाडी नाही."

"नाही धाडत," दयारामजी म्हणाले. "पोरीले सांगतो, तूच ये आठ दिवस राहाले."

यावर सेवंताबाई इतक्या हसल्या की त्यांना खाटेचा आधार घ्यावा लागला. मग त्यांनी कुलूप उघडलं आणि आतून आमच्यासाठी गुळाचा खडा आणला.

पुढचा सारा वेळ मंजिरीने दयारामजींना समजावलं: घाई करायची नाही, वस्तू दाखवून शब्दाचं पहिलं अक्षर आपण म्हणायचं. "मी..." म्हणून ते थांबले, आणि सेवंताबाईंनी दोन प्रयत्नांनंतर "मीठ" पुरं केलं. दयारामजींचा चेहरा पोरगं पहिल्यांदा चाललेलं पाहावं तसा झाला. चाचणी घेणारे आता तेच होते.

दुसऱ्या दिवशी पिशवी वडश्याहून परत आली, चित्रं जशीच्या तशी. आम्ही परतीची पॅसेंजर धरली. मंजिरी खिडकीशी झोपून गेली.

मी संगणक उघडला. नोंदीतलं 'स्मृतिभ्रंश' काढलं, 'वाचाघात' लिहिलं. नावं सांगण्याच्या चाचणीला आठवणीपासून सोडवून शब्दांच्या क्षमतेशी जोडलं. काम संपलं होतं, तरी काही राहून गेल्यासारखं वाटत होतं. आमच्या रचनेत आजाराला जागा होती, लक्षणाला होती, काय गेलं याला तर शंभर कप्पे होते. माणसाजवळ काय उरलंय हे लिहायला एकही नव्हता. पोरगी आईला न्यायला निघाली होती ती गेलेल्या गोष्टी ऐकून. उरलेल्या कुणी मांडल्याच नव्हत्या.

मी नवा कप्पा उघडला आणि त्याला नाव दिलं, 'शाबूत'. गोंदिया येईपर्यंत सेवंताबाईंच्या नावापुढे त्यात लिहीत होतो: ओळख, आठवण, दिशेचं भान, पाहुण्याची काळजी, हसणं. शेवटचे दोन कुठल्या क्षमतेशी जोडायचे ते मला ठरवता आलं नाही. तसेच राहू दिले.