हरीआजोबांचं बेट

अमेरिकेत आमच्या एडिसन गावच्या रविवारच्या मराठी शाळेत व्याकरण फारसं पुढे सरकत नाही, पण किस्से साठतच जातात. या वर्षीचे बहुतेक हरीआजोबांचे आहेत. ते मॉरिशसचे. इथे मुलीकडे राहायला आलेत. नातवाला वर्गात सोडतात आणि मागच्या बाकावर बसतात. त्यांच्या पणजोबांना इंग्रजांनी करारावर कोकणातून त्या बेटावर उसाच्या कामाला नेलं होतं.

*

पहिल्याच रविवारी माझ्याबरोबर शिकणाऱ्या ईशानच्या बाबांनी पार्किंगमध्ये त्यांना नेहमीचा प्रश्न विचारला, "मूळ गाव कुठलं?"

"मॉरिशस."

"ते झालं हो. त्याच्या आधी?"

"जहाज."

ईशानचे बाबा गाडीची किल्ली शोधायला लागले. ती त्यांच्या हातातच होती.

*

मार्चमध्ये मॉरिशसचा स्वातंत्र्यदिन असतो. त्या कार्यक्रमात आमच्या वर्गाला या बेटाचा इतिहास सांगायचा होता. ईशान चार्ट करत होता. डच आले, डोडो पक्षी संपले, डच गेले. फ्रेंचांनी गुलाम आणून ऊस वाढवला. मग इंग्रजांनी बेट जिंकलं. ईशानला पटेना. इंग्रज जिंकले, तर लोक अजून फ्रेंच कसे बोलतात?

"बों," आजोबा म्हणाले. ते बोलायला सुरुवात अशीच करतात, फ्रेंचमधल्या 'बरं'ने. "सरकार इंग्रजांचं, मळे फ्रेंचांचे. आमच्यावर ओरडायला दोघंही."

*

एकदा आजोबांनी सांगितलं, तिथे समुद्राच्या कडेला एक उभा डोंगर आहे. पळालेले गुलाम त्यावर लपायचे. गुलामगिरी संपली हे सांगायला शिपाई वर चढले, तेव्हा ते आपल्याला पकडायलाच आले असं वाटून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असं तिथे सांगतात.

ईशानकडे प्रत्येक गोष्टीवर प्रश्न असतो. त्या दिवशी त्याने नुसतं मार्करला टोपण लावलं.

*

स्वातंत्र्याचा भाग आजोबांनीच सांगावा, असा आमच्या शिक्षिका वैदेहीकाकूंचा हट्ट होता. आजोबा खुर्च्या लावायला तयार होते, माइक धरायला नाही. गणपतीत ते स्टेजवरून दोन वाक्यं बोलले होते. जुन्या कोकणी वळणाची मराठी, मध्येच क्रिओल, म्हणजे बेटावरच्या फ्रेंचमिश्रित बोलीतले शब्द. लोक हसले होते.

"घरात इतक्या पिढ्या सांभाळली ही बोली," ते काकूंना हळूच म्हणाले. "परत हसले, तर माझा नातू ती बोलायची सोडेल."

मग काकूंनी तो भाग मला दिला. समूहगीतात नुसते ओठ हलवणाऱ्या मला!

*

कार्यक्रमाला हॉल भरला होता. बेटावर जवळजवळ निम्म्या लोकांना स्वातंत्र्य नको होतं, साहेब गेला तर तांदूळ कोण आणणार अशी भीती होती, इथपर्यंत मी सांगितलं. पुढचं वाक्य आलंच नाही. माइकमधून सगळ्यांना माझा श्वास ऐकू येत होता.

मागे एक खुर्ची सरकली. आजोबा चालत आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले.

"बों," ते म्हणाले. कुणीतरी खुदकन हसलं. आजोबा थांबले. त्यांनी पहिल्या रांगेत बसलेल्या नातवाकडे पाहिलं. मग बोलायला लागले.

"माजी आजी उसाच्या मळ्यात खुरपायची. रोज काळोखातच मळ्याची घंटा व्हायची. उजाडायच्या आत ती वाकलेली असायची, ती पार उन्हं चढेपर्यंत, मान वर करायची सोय नाय. स्वातंत्र्याच्या दिवशी घंटा झाली नाय. तरी ती उठली आणि खुरपं घेऊन गेली. आमी शोधत गेलो, तर ती बांधावर बसलेली, समुद्राकडं तोंड करून. सूर्य अर्धा वर आलेला. मी म्हटलं, आजी, आज सुट्टी, घरी चल. तर म्हणाली, 'थांब रे. ह्याला वर यायला एवढा वेळ लागतो?'"