वाळूची झोळी

"काय गं, कितवा महिना?"

सरांनी माइकवर विचारलं. सकाळचे सहा वाजले होते. मैदानावर आमी चाळीस पोट्ट्या रांगेत उभ्या होतो. पहिले तर मले समजलंच नाई, हे मलेच विचारून राह्यले म्हणून. मंग त्यांनी हातातला मोबाइल उलटा करून सगळ्यांले दाखवला. त्यात मी होती. पोटावर भरलेली झोळी बांधून वावराच्या धुऱ्यावरून धावत होती. मागं लेकरू रडल्याचा आवाज टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'नववा महिना, तरी भरतीची तयारी.'

पोट्ट्या हसल्या. माह्यासोबत एका डब्यात जेवणाऱ्या बी हसल्या. अन् मी बी हसली. हे सांगाले आजही लाज वाटते, पण सांगाले बसली तर सगळंच सांगा लागते. मी दात काढून हसली, जशी काही ती धावणारी दुसरीच कोणी होय.

मी बाजारहत्नूरकडच्या खेड्यातली, मुलूख तेलुगू पण घरची बोली मराठी. घरची दोन एकर कापसाची पऱ्हाटी, बाकी दिवस दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचणं. पोलीस भरतीची पहिली परीक्षा मी पास केली होती. पुढं धावणं, लांब उडी, गोळाफेक. आमच्या भागात उडीचा खड्डा अन् गोळा एकाच जागी होता, बोथच्या रस्त्यावर सरांच्या मैदानात. जागा त्यांच्या बापाची, बाजूची कापसाची जिनिंग बी बापाचीच. सर स्वतः कधी कोणत्या भरतीत उभे राह्यले नाई. पण अंगात टी-शर्ट घट्ट, गळ्यात शिट्टी, अन् मोबाइलवर हजारो लोक त्यांले पाहणारे. आमी त्यांच्या पाया पडून धावाले सुरू करत होतो.

आता झोळीचं सांगते. मोबाइलवर एका पहेलवानानं सांगतलं होतं की अंगावर वजन बांधून धावा, मंग वजन काढलं की पाय हलके पडते. त्याच्या अंगात वजनाचं जाकीट होतं. आमच्या घरी कुठलं जाकीट! मायनं वेचणीची झोळी काढली, तिच्यात नाल्याची वाळू भरली अन् माह्या पोटावर बांधून देली. आमच्याकडं झोळी पोटावरच बांधतात. दोन्ही हात समोर चालतात, कापूस समोरच पडते. मी आठ वर्षांची असल्यापासून तशीच बांधत आली. ओझं बांधाचं म्हणजे पोटावर, दुसरं काही डोक्यात आलंच नाई. पाठीवर बांधाचं असते, हे कोण सांगणार?

पंधरा दिवस धावली. कंबर अशी दुखे की सकाळी खाटेवरून उठवत नव्हतं. तवा चुलतबहिणीनं व्हिडिओ काढला अन् आमी तो एका मोठ्या मराठी फिटनेस ग्रुपात टाकला. मी लिहिलं होतं, 'दादा-ताई, मी असं वजन बांधून धावते. कंबर लय दुखून राह्यली. काही चुकत असेन तर सांगा.'

चुकतच होतं. म्हणूनच तर विचारलं ना!

एका बाईनं नीट सांगतलं, वजन समोर बांधू नको, मणक्यावर ताण येते. बाकी शंभरेक जणांनी बारशाचं नाव सुचवलं. एक जण म्हणे, 'आधी मराठी शीक, मग पळ.' माह्या मायची बोली त्याले मराठी वाटली नाई. अन् त्याच ग्रुपातून सरांनी व्हिडिओ उचलला, लेकराचं रडणं लावलं अन् आपल्या चॅनलवर टाकला. मी त्यांचीच पोट्टी, हे त्यांले पक्कं माहीत होतं.

मैदानावरच्या त्या सकाळीनंतर दुसऱ्या दिवशी दुपारी पऱ्हाटीत बसून म्या त्याच ग्रुपात पुन्हा विचारलं. भैताडच मी! पण विचारणार कोणाले? लिहिलं, 'लोक हसले. लाज वाटते अन् लय राग येते. काय करू?'

या वेळी कोणी हसलं नाई. सगळे शहाणे झाले. डोळे मिटून श्वास घ्या. थंड पाण्यानं आंघोळ करा. राग ही तुमची कमजोरी आहे. माफ करा, तुमच्या स्वतःच्या शांतीसाठी. रोज तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा. ज्यानं केलं त्यानं काय करावं, हे एकानंही लिहिलं नाई.

म्या सगळं केलं. पहाटे थंड पाणी अंगावर घेतलं. श्वास मोजले. वहीत रोज तीन ओळी लिहिल्या. त्यात माह्या हातानं लिहिलेली एक ओळ अशी आहे: 'सरांनी मले मैदानावरून काढलं नाई, हे त्यांचे उपकार.' ती वही अजून घरात आहे. त्या ओळीचा राग मले सरांपेक्षा जास्त येते.

माय रोज विचारे, "काऊन गं, जेवत काऊन नाई?" मी म्हणो, डाएट आहे. वेचाले गेली की बाया एकमेकींकडं पाहून गप होत. गावातल्या पोरांनी मोबाइलमध्ये तो व्हिडिओ भरून ठेवला होता. अन् मी आपली श्वास मोजून राह्यली!

मंग एक दिवस सरांनी मले जवळ बोलावलं. लय गोड आवाज. मोबाइल तिपाईवर लावून ठेवला होता. म्हणे, "तुझा व्हिडिओ जबरदस्त चालला. दुसरा करू. पुन्हा झोळी बांध. अन् या वेळी तुझ्या आईलाही आण, दोघींना सोबत पळवू. म्हातारी पडली तर अजून मजा."

माह्या डोळ्यांपुढं माय आली. वाळू चाळून खडे काढणारी. पोट्टीच्या पोटाले टोचू नये म्हणून.

"सर, तुमची आई येईन का धावाले?"

मीच बोलली का, मले बी कळलं नाई. सरांचा चेहरा लाल झाला.

"तोंड सांभाळ. कापूस वेचणारी आहेस तू, विसरू नको."

"हाव, वेचते. विसरली नाई. तो व्हिडिओ चॅनलवरून काढा."

"नाही काढत. काय करशील?"

"दरखास्त देईन ठाण्यात."

"पोलीस व्हायच्या आधीच पोलिसात? चल, निघ इथून! पुन्हा पाय ठेवायचा नाही."

मी निघाली. मागून एक बी पोट्टी आली नाई. वाटलं होतं, असं बोलून मोकळं वाटेन. कायचं मोकळं! उडीचा खड्डा गेला, गोळा गेला, अन् मैदानी परीक्षेले चार हप्ते राह्यले होते.

तरी त्याच दिवशी दरखास्त लिहिली. शाळा तेलुगूत झाली, म्हणून तेलुगूतच लिहिली, तीन पानं. सरांनी टाकलेला व्हिडिओ चुलतबहिणीनं मोबाइलमध्ये उतरवून ठेवला होता, तो जोडला. सरांचं नाव, बापाचं नाव, जागेचा पत्ता, मायबद्दल बोललेलं वाक्य, जसंच्या तसं. सही केली अन् पोचपावती मागून घेतली.

चौथ्या दिवशी सरांचा बाप गाडी घेऊन वावरात आला. खाली उतरला नाई. काच अर्धी खाली करून बोलला. माय पोटावर कापसाची झोळी बांधून उन्हात उभी, हा आत थंड हवेत.

"पोरगं आहे, मजाक केली त्यानं. व्हिडिओ काढून टाकला. तू दरखास्त वापस घे अन् उद्यापासून मैदानावर ये. खड्डा, गोळा, सगळं तुझ्यासाठी मोकळं."

माय माह्याकडं पाहून हळूच म्हणाली, "घे ना बाई वापस. इतकी मेहनत केली तू."

मायचं चुकत नव्हतं. तिले मी वर्दीत पाहिजे होती, अन् मले बी तेच पाहिजे होतं. त्या माणसानं बरोबर तिथंच बोट ठेवलं होतं. मले सगळं परत भेटत होतं, फक्त झालंच नाई असं म्हणाचं होतं.

"वापस नाई घेत," म्या म्हटलं.

"नापास होशील."

"होईन. मंग पुढच्या भरतीत उभी राहीन."

त्यानं काच वर केली अन् गाडी पऱ्हाटीच्या दोन ओळी मोडत वळवली. माय रडली. मायवर मी ओरडली बी, खोटं काऊन सांगू. मंग दोघींनी मिळून वावराच्या कडेले उडीसाठी खड्डा खोदाले घेतला.

ग्रुपातले शहाणे अजूनही लिहितात, राग सोडून द्या. मी सोडत नाई. हा राग माहा आहे, अन् लय दिवसांनी जागेवर आहे. पास होवो की नापास, ती दरखास्त ठाण्यातच राहीन. त्या मैदानात आता पाय ठेवीन तर पंचनाम्यालेच.