उबुकाता काकांचं गवत कोणी मारलं

कुराझावाच्या स्टेडियमबाहेर मी एकोणीस वर्षं वजडीचा रस्सा विकते आहे. एवढ्या काळात क्लबचे सात प्रशिक्षक आले आणि गेले, अध्यक्ष चार झाले, खेळाडू तर मोजलेच नाहीत. मैदानावर गवत राखणारा माणूस मात्र एकच होता, उबुकाता शिगेमित्सु. गेल्या वर्षी आमच्या गावानं त्या माणसाशी जे केलं ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. गावानं म्हणते, कारण त्यात मीही होते.

उबुकाता काका त्रेसष्ट वर्षांचे. आधी डोंगरापलीकडच्या गोल्फच्या मैदानावर होते, तिथून आमच्याकडे आले. माणूस ठेंगणा, मान उन्हानं भाजलेली, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपण काहीतरी चोरलंय. सामना सुरू असताना सगळं स्टेडियम चेंडूकडे बघायचं, हे फक्त पायांकडे. आपल्या संघानं गोल केला तरी ते ओरडायचे, "अरे बैला, टाच कशाला रोवतोस! नाचायचं तर बाहेर नाच!" खेळाडूंना ती शिवी ऐकल्याशिवाय गोल झाल्यासारखा वाटत नसे.

आमचा संघ फुटबॉलचा, जपानच्या जे-लीगच्या दुसऱ्या विभागातला. वर जायचं स्वप्न दर फेब्रुवारीत पडायचं आणि जूनमध्ये मोडायचं. गेल्या वर्षी मात्र मोडेना. मार्चमधल्या घरच्या पहिल्या सामन्याआधी हातभर बर्फ पडला होता. यंत्र लावलं तर मुळं तुटतात म्हणून काका आणि त्यांची बायको हिसाए यांनी तीन दिवस लाकडी फावड्यांनी बर्फ ओढला. तो सामना आपण जिंकलो आणि मग जिंकतच गेलो. आमच्या गावातल्या सार्वजनिक न्हाणीघरवाल्याचा पोरगा, मिझोरोगी, बावीस वर्षांचा, डाव्या बाजूनं असा धावायचा की म्हाताऱ्या बायकाही उठून उभ्या राहायच्या. जुलै संपला तेव्हा वीस संघांत आपण चौथे होतो. पहिल्या सहांत राहिलं की वरच्या विभागात जायची संधी. न्हाव्याकडे, भाजीवाल्याकडे, दातांच्या दवाखान्यात, जिथे जावं तिथे एकच विषय.

आणि त्याच वेळी अध्यक्ष अकुत्सुंनी मैदान गाण्याच्या कार्यक्रमाला दिलं.

अकुत्सुंना दोन वर्षांपूर्वी टोकियोच्या कंपनीनं पाठवलं होतं. क्लब त्या कंपनीनं विकत घेतला होता. हसरा माणूस, कोणाशीही मोठ्या आवाजात बोलणार नाही. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात संघाचे सामने बाहेर होते, तेव्हा रिकाम्या मैदानावर मंच घालायचा, गवतावर फळ्या अंथरायच्या आणि तीन दिवस कार्यक्रम करायचा, असं त्यांनी ठरवलं.

काका ऑफिसात गेले. तिथे काय झालं ते मला पुढे हिसाएनं सांगितलं.

"साहेब, हे थंडीचं गवत आहे," काका म्हणाले. "ऑगस्टमध्ये ते आधीच अर्धमेलं असतं. वर फळ्या टाकल्या तर शिजेल."

"शिजेल?" अकुत्सु हसले. "उबुकाता-सान, गवत काय कोबी आहे?"

"उन्हाला दोन्ही सारखेच."

"तुम्ही गवताची काळजी करा, क्लबची मला करू द्या."

काकांनी घरी येऊन पत्र लिहिलं. मग दुसरं, मग तिसरं. प्रत्येक वेळी ऑफिसात जाऊन आवक-शिक्का मारून घेतला आणि शिक्क्याची प्रत घरी आणली. उत्तर एकाचंही आलं नाही.

कार्यक्रम दणक्यात झाला. फळ्या चौथ्या दिवशी निघायच्या होत्या, पण ओबोनची सुट्टी लागली. पितरांच्या दिवसांत ट्रकवाले आपापल्या गावी गेले आणि फळ्या तशाच राहिल्या. सहा दिवस. पारा अडतीसवर. काका एकटे फळ्या उचलायला निघाले, तर पहारेकऱ्यानं अडवलं, दुसऱ्याच्या मालाला हात लावायचा नाही म्हणाला. सातव्या दिवशी फळ्या निघाल्या तेव्हा खाली सगळं पिवळं, चिकट, आणि वास खरोखर उकडलेल्या कोबीचा. काका मैदानात मांडी घालून बसले ते तासभर उठले नाहीत, असं झाडूवाली सांगते.

क्लबनं नवी हिरवळ आणायला परवानगी दिली ती फक्त गोलपुढच्या आणि डाव्या कोपऱ्यातल्या पट्ट्यापुरती. ती मूळ धरायला तीन आठवडे लागतात आणि सामना नऊ दिवसांवर. सामना दुसऱ्या मैदानावर न्या, असं काका म्हणाले. तिकिटं विकली गेलीत, असं उत्तर मिळालं.

सामन्याच्या दिवशी काकांनी सगळ्या खेळाडूंना बोलावून काठीनं जागा दाखवल्या. इथे वळू नका, इथे एकदम थांबू नका. पण चेंडू जिथे जातो तिथे पाय जाणारच की. एकतिसाव्या मिनिटाला मिझोरोगी डाव्या कोपऱ्यात धावत गेला, थांबला, आणि पायाखालची हिरवळ चटईसारखी सरकली.

मी बाहेर टपरीवर होते. आतला ढोल थांबला. आपल्या लोकांचा ढोल सामना सुरू असताना कधी थांबत नाही, पाच गोल खाल्ले तरी नाही. माझ्या हातात पळी तशीच राहिली.

गुडघ्यातला अस्थिबंध तुटला होता. मिझोरोगीचा हंगाम तिथेच संपला.

दोन दिवसांनी क्लबचं निवेदन आलं, स्थानिक वर्तमानपत्रातही छापून आलं: "मैदानाच्या देखभालीत त्रुटी राहिली. संबंधित कर्मचाऱ्याला समज देण्यात आली आहे." नाव नव्हतं. नावाची गरज काय होती? अख्ख्या कुराझावाला माहीत होतं की तिथे देखभाल करणारा एकच आहे.

मिझोरोगीविना संघ कोसळला. सलग पाच सामने हरलो. चौथ्याचे सातवे झालो, मग नववे. लोकांना राग काढायला माणूस हवा होता आणि तो क्लबनं आयता दिला होता. चाहत्यांचा म्होरक्या ओनोझाकी, टोफू करणारा, पहाडी आवाजाचा. त्याच्या माणसांनी स्टँडवर भलामोठा कापडी फलक लावला: "गवत मारणाऱ्याला हाकला." काका त्या फलकाखालूनच पाण्याचा पाइप ओढत जायचे. कोणीतरी वरून कागदी पेला फेकला. काकांनी तो उचलून कचऱ्यात टाकला आणि पुढे गेले.

आणि मी काय केलं ते ऐका. सामन्याआधी काका माझ्याकडे एक वाटी रस्सा घ्यायचे, अनेक वर्षांचा रिवाज. सप्टेंबरमध्ये ते आले तर रांगेतले लोक कुजबुजायला लागले. मी वर न बघता म्हटलं, "आज गर्दी आहे काका, नंतर या." गर्दी कसली, पाच जण होते. काका मागे वळले. नंतरही आले नाहीत.

आली हिसाए. पुढच्या सामन्याला, भर गर्दीत, माझ्या टपरीसमोर उभी राहिली.

"काय गं, माझ्या नवऱ्याला वाढताना तुझी पळी झिजते काय?"

"हिसाए, हळू बोल—"

"का हळू? हळू बोलून बोलूनच हा घरात दगड होऊन बसलाय! जेवत नाही, बोलत नाही. त्या पोराला भेटायला दवाखान्यात गेला आणि जमिनीला डोकं लावून माफी मागितली यानं. पोरगं काय म्हणालं माहितीय? 'काका, तुम्ही मला सकाळी सांगितलं होतं, मीच विसरलो.' आणि तुम्ही सगळे! वाच, वाच हे!"

तिनं पिशवीतून तीन कागद काढून उकळत्या पातेल्याशेजारी आपटले. तिन्हींवर ऑफिसचा लाल शिक्का. मी वाचले. "गवत शिजेल. नवी हिरवळ घातली तरी मूळ धरणार नाही. वेगात थांबणाऱ्या खेळाडूचा गुडघा जाईल. कृपया कार्यक्रम रद्द करावा." तारीख जुलैची. गुडघा! जुलैमध्येच लिहिलं होतं या माणसानं!

मी टपरी तशीच टाकून कागद घेतले आणि ओनोझाकीकडे गेले. त्यानं उभ्याउभ्या वाचले. मानेपर्यंत लाल झाला. त्याच संध्याकाळी आम्ही दोघं काकांच्या घरी गेलो.

"काका," ओनोझाकी म्हणाला, "आम्हाला माफ करा. आता बघा, पुढच्या सामन्याला या अकुत्सुच्या नावाचा असा फलक लावतो—"

"लावायचा नाही," काका दारातच उभे राहून म्हणाले.

"का?"

"तुला कापडावर लिहायला कोणीतरी लागतं, एवढंच. परवा मी होतो, उद्या तो. मला विचारायला आला होतास का तेव्हा? मैदानापासून माझं घर चार मिनिटांवर आहे. चार मिनिटं!" मग माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही तर रोज बघत होता मला." आणि त्यांनी दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

फलक लागला नाही. पण कागदांच्या नकला गावभर झाल्या, तेवढं ओनोझाकीनं केलंच.

नोव्हेंबरच्या शेवटी घरचा अखेरचा सामना, दुपारी दोनचा. जिंकलो असतो तर अजून सहावं येण्याची अंधुक आशा होती. शून्य-तीन हरलो. रिवाजाप्रमाणे सामन्यानंतर सगळा संघ मैदानाच्या मध्यावर रांगेत उभा राहिला, कुबड्या घेतलेला मिझोरोगीसुद्धा. अध्यक्ष माइकपाशी आले. मीही त्या दिवशी टपरी लवकर आवरून आत गेले होते.

"या हंगामात आपण दिलेल्या अमूल्य पाठिंब्याबद्दल..." अकुत्सुंनी सुरुवात केली.

"पत्रं वाचा!" ओनोझाकी ओरडला.

"...मनःपूर्वक आभार. काही अनपेक्षित कारणांमुळे..."

अनपेक्षित! तो शब्द आला आणि सात हजार माणसांचा स्टँड पेटला. शिट्ट्या नाहीत, शिव्या नाहीत, सगळे एका सुरात: "पत्रं वाचा! पत्रं वाचा!" ढोल त्या तालावर. मीही ओरडत होते, घसा फाटेपर्यंत. अकुत्सु वाकले, परत वाकले, माइक खाली ठेवून निघाले. तर लोक उठेनातच. म्हाताऱ्या बायका, पोरंबाळं, सगळे जागीच बसले. अंधार पडायला लागला, दिवे लागले, थंडी अंगात शिरली, कोणी हललं नाही. दोन तासांनी अकुत्सु परत आले, मागोमाग संघही. चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच उतरलं होतं. कोणीतरी त्यांच्या हातात कागद दिले. त्यांनी वाचले, तिन्ही, शिक्क्याच्या तारखेसकट. "खेळाडूचा गुडघा जाईल" इथे त्यांनी कुबड्यांकडे बघितलं. मिझोरोगी खाली बघत उभा होता.

"हे मला मिळालं होतं," ते म्हणाले. "मी दुर्लक्ष केलं. देखभालीत त्रुटी नव्हती." आणि कंबरेत वाकले. बराच वेळ तसेच राहिले.

आम्ही सगळे काकांना शोधत होतो. काका पलीकडच्या कोपऱ्यात, हातात माती उकरायचा काटा घेऊन, खेळाडूंच्या पायांनी उखडलेली ढेकळं एकेक करून दाबत होते. भाषणाकडे पाठ. ओनोझाकी कुंपणापाशी धावत गेला. "काका! ऐकलंत का? कबूल केलं त्यानं!"

"ऐकलं," काका म्हणाले. "आता तुमचे पेले उचला आणि घरी जा. दिवे जळतायत."

डिसेंबरमध्ये अकुत्सुंना कंपनीनं परत बोलावलं आणि म्हणे चांगल्याच जागी बसवलं. मिझोरोगीचा करार वाढवला नाही, गुडघ्याचा भरवसा नाही म्हणून. काकांना मात्र नव्या अध्यक्षांनी त्यांच्या घरी जाऊन कामावर राहायची विनंती केली. काकांनी चहा दिला आणि नाही म्हणाले. आता ते शेजारच्या गावात नगरपालिकेचं छोटं मैदान बघतात, जिथे आजीआजोबा लाकडी हातोड्यांनी चेंडू ढकलत खेळतात. तिथेही त्यांच्या टाचांवरून भांडतात म्हणे.

मी एकदा डबा घेऊन त्यांच्या घरी गेले होते. हिसाएनं घेतला. काका आतून बाहेर आले नाहीत. मला वाटलं होतं राग ओसरला असेल. का ओसरावा? एका पेल्याचा, एका फलकाचा नव्हता तो. इतकी वर्षं गवतावर वाकलेल्या माणसाला आम्ही एका छापील ओळीवरून सोडून दिलं होतं.

या वर्षी ऑक्टोबरमध्ये मिझोरोगी पुन्हा खेळला. तिसऱ्या विभागात, समुद्राकाठच्या एका संघाकडून, शेवटची बारा मिनिटं. काका आणि हिसाए चार तासांचा प्रवास करून गेले होते. हिसाए सांगत होती, पोरगा मैदानात उतरला तेव्हा यांनी टोपी काढली आणि बारा मिनिटं पापणी लववली नाही. पोरगा दोनदा डाव्या कोपऱ्यात धावला, दोनदा थांबला, दोनदा वळला. सामना संपल्यावर तो भेटायला येईल म्हणून ती थांबली, तर काका गायब. शोधत गेली तर स्टँडच्या मागे, अवजारांच्या खोलीपाशी, तिथलं गवत राखणाऱ्या एका अनोळखी माणसासमोर कंबरेत वाकून उभे होते. तो बिचारा गोंधळून हातातली नळी टाकायलाही विसरला होता आणि पाणी दोघांच्या बुटांवरून वाहत होतं.