कफाची पोरगी

आर्णीकडचे एक वैद्यबुवा नाडी धरायचे आणि माणसाचं नशीबच ठरवून टाकायचे. महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमाराला ते आमच्या घरी आले. बाबांची प्रकृती पित्ताची निघाली, म्हणून त्यांना दूध, तूप. मायची वाताची, तिला गरम जेवण आणि तेलाचं मालिश. माझी मोठी बहीण, ताई, निघाली कफाची. तिला कोरडी भाकर, सुंठीचा काढा आणि जातं. "कफाच्या देहाले मेहनत हेच औषध. दिवसा झोपू द्यायचं नाही," बुवा बोलले, आणि आमच्याकडे ती काळ्या दगडावरची रेघ झाली.

काय पण योगायोग! घरधन्याच्या नाडीत तूप निघालं आणि पोरीच्या नाडीत जातं.

ताई गुबगुबीत, हळू बोलणारी. म्हणजे आळशीच, नाही का? पुढे ती खरोखर सुजायला लागली. सकाळी डोळे उघडायचे नाहीत. दळता दळता तिथंच डुलकी लागायची. माय ओरडायची, "झोपून काहून राह्यली वं? कफ वाढते ना!"

"माय, पाय लय जड झाले."

"जड झाले म्हणूनच हालचाल पाह्यजे."

मी ताईच्या पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. मायला दाखवला. तिनं काढ्यात सुंठ वाढवली.

एकदा चुलीपुढंच ताई कोसळली, तेव्हा बाबांनी तिला यवतमाळच्या डॉक्टरकडे नेलं. मीही सोबत होते. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं बिघडली आहेत, मीठ बंद करा, हिला अंथरुणातून उठू देऊ नका. परतताना बाबा एसटीत फणफणत होते. "घड्याळात पाहून नाडी मोजते तो! अशानं प्रकृती कळते का कोणाची?" दुसऱ्या दिवशी ताई पुन्हा जात्यावर.

मला आजही संताप येतो. माय-बाबा दुष्ट असते तर शिव्या घालून मोकळी झाले असते. पण दोघंही तिच्यावर जीव टाकायचे. ती बरी व्हावी म्हणूनच तिला दळायला बसवायचे.

पोळ्याच्या आधी ताई गेली. बायका तिला आंघोळ घालत होत्या. मायनं ते सुजलेले पाय मांडीवर घेतले, ऊर बडवून रडली आणि म्हणाली, "मीच लाड केले वं बाई! आणखी दळून घेतलं असतं तं माही लेक वाचली असती."