सरोवरातल्या सहा माशांची नोंद

मामे दुफिए आमच्या कुमासी शहरातल्या संग्रहालयात पस्तीस वर्षं, स्पिरिटाच्या बरण्यांत जपलेल्या माशांच्या नोंदी ठेवत होत्या. बरणीतली चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहायची, असा त्यांचा दंडक. कुणाच्या हातात पेन दिसलं की म्हणायच्या, ते घरी, पत्र लिहायला.

निवृत्तीला चार दिवस उरलेले. शेवटची मोजदाद करताना मागच्या फळीवर दोन बरण्या निघाल्या. दोन्हींत एकाच जातीचे सहा-सहा मासे, आणि चिठ्ठ्या कोऱ्या. मामेंनी लगेच जुनी वही काढली. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात, अक्षर सुरेख दिसावं म्हणून त्या चिठ्ठ्या त्यांनीच पेनाने लिहिल्या होत्या. शाई स्पिरिटात विरून गेली. वहीत नोंद होती : एक बरणी बोसुमत्वी सरोवरातली, दुसरी तानो नदीतली. पण कोणती कुठली? सरोवरातले मासे त्यांच्या वडिलांनी धरून दिलेले, आणि वडील तर केव्हाच गेले.

आमचे प्रमुख, डॉक्टर अम्पोन्सा, माणूस भला, पण नियमाचा पक्का. ठिकाण माहीत नसलेला मासा ठेवून उपयोग नाही, शुक्रवारी दोन्ही नोंदी खोडू, असं त्यांनी सांगितलं. त्या दुपारी मामेंनी जेवणाच्या केंकेचं, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या उंड्याचं, पान सोडलंसुद्धा नाही. मी मनातल्या मनात देवाला विनवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. दोन्ही बरण्यांतले मासे वेगवेगळ्या ताटांत मांडले होते. माझ्या हातात भिंग देऊन म्हणाल्या, "आचिया, ओठ बघ गं यांचे."

एका ताटातल्या चार माशांचे ओठ फाटलेले, गळाने फाटतात तसे. दुसऱ्यातले सहाही धड.

माझा जीव भांड्यात पडला. सरोवर पवित्र, त्याच्या पाण्याला लोखंड लावायचं नाही, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मामेंचे वडील लाकडाच्या फळीवर बसून, हातांनी पाणी मारत जायचे आणि जाळं टाकायचे. गळाचे मासे नदीचेच.

डॉक्टरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग शंका काढलीच, "सरोवरातही चोरून गळ टाकला असेल तर?"

"माझ्या बापाच्या हातचे मासे आहेत, डॉक्टर," मामे म्हणाल्या. "तुमच्या हातचे असते तर मीही विचारलं असतं."

डॉक्टर हसले. कारणासकट नव्या चिठ्ठ्या लिहायला त्यांनी खिशातलं पेन काढलं. मामेंनी पेन्सिल पुढे सरकवली.

दुपारी त्यांनी स्वतःचा केंके खाल्ला, आणि माझा अर्धा.